पाच नंबरात वास आला नाही

नगरपालिकेची दोन माणसं शिडी घेऊन आली ती नेमकी सोमवारी सकाळी. सोमवार धुण्याचा, हे आमच्या शहरातल्या मांजरांनासुद्धा ठाऊक असतं. पण कचेरीत बसणाऱ्यांचे कपडे आपोआप धुतले जात असावेत. अख्ख्या स्लेटर्स यार्डात, म्हणजे आमच्या भाड्याच्या घरांच्या चौकात, दोऱ्यांवर चादरी लटकत होत्या, त्या सगळ्या खाली घ्यायला लावल्या. वर उकळतं पाणी मागितलं. त्या वेळी यार्डात उकळी आलेला हंडा एकच होता, आणि तो माझा होता.

"कशाला हवंय?" मी विचारलं.

"कामाला," साहेब म्हणाले.

हे फर्थसाहेब. आरोग्य खात्याचे निरीक्षक. अंगाने काटकुळे, कोट झटकून घातलेला, आणि आमच्यासारख्यांच्या घरातही टोपी काढून शिरणारे. त्यांच्याबरोबरचा सेथ हा पन्नाशीचा जाडजूड गडी. तो शिडीवर चढला की बघणाऱ्यांना शिडीची दया यायची. सेथला कुणाच्याच घरात शिरायची परवानगी नव्हती. का, ते कुणी सांगितलं नाही. मी त्याला दारात उभी राहून चहा विचारला, तर तो असा मागे सरकला की जणू मी त्याला विस्तवच देऊ केला.

सेथ सात नंबरच्या छपरावर चढला, खिशातून एक छोटी बाटली काढली आणि पन्हळीच्या नळीत ओतली. मागून माझ्या हंड्यातलं दोन बादल्या उकळतं पाणी. खाली फर्थसाहेब घराघरांत शिरून नाक वर करून उभे राहू लागले.

सात नंबरात जेमायमा क्रॅब्ट्री राहायची. तिचं आणि माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. दोरीच्या एका खुंटीवरून झालं होतं ते, आता सांगायलाही लाज वाटते. पण त्या दिवशी तिच्या दारात आम्ही सगळ्याच गोळा झालो, त्यामुळे मीही मागे उभी होते.

"बाई, कसला वास येतो का?" साहेबांनी तिला विचारलं.

"येतो की. पेपरमिंटचा. अहो, किती छान येतोय."

"कुठून?"

"हा काय, मोरीच्या कडेने. आणि इथे फरशीच्या फटीतून. या ना, वाका, बघा."

साहेब गुडघ्यावर बसले, फरशीला नाक लावलं, उठले आणि वहीत लिहू लागले. त्यांचा चेहरा पडला होता. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

वास दारापर्यंत आला. खरंच छान होता. यार्डाच्या टोकाला दोन संडास आणि उकिरडा, बाजूला चामड्याचा कारखाना. आमच्या नाकांनी असं काही कधी घेतलंच नव्हतं. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की म्हाताऱ्या पेपरमिंटच्या वड्या चघळतात, तेवढाच काय तो आमचा त्या वासाशी संबंध. पोटात कळ आली की त्याचंच तेल साखरेवर घालून देतात.

आता आम्हाला काय वाटलं ते सांगते, आणि हसायचं असेल तर आधी ऐकून घ्या. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीत तापाने चार माणसं गेली. तेव्हा याच खात्याची माणसं आली, गटारात कार्बोलिक ओतून गेली, डोळ्यांतून पाणी येईल इतका वास. त्याआधी भिंतींना चुना दिला, त्यालाही वास. म्हणजे खात्याची माणसं येतात, वासाचं काहीतरी ओततात, आणि ते तापावरचं औषध असतं. या खेपेला त्यांनी जरा चांगल्या वासाचं औषध आणलं होतं, एवढंच. यात वेड्यासारखं काय होतं? मला आजही कळत नाही.

मग साहेब माझ्या घरात आले. पाच नंबरात. मोरीपाशी उभे राहिले, कोपऱ्यात उभे राहिले, तळघराच्या जिन्यात डोकं घातलं.

"तुम्हाला काही वास येतो का?"

"नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही. उत्तम."

"उत्तम कसलं? पाणी माझं नेलंत. सात नंबरात भरभरून घातलंत आणि माझ्या घरात थेंब नाही?"

"बाई, तुमच्या घरात वास आला नाही, हे चांगलंच आहे."

"चांगला वास आला नाही हे चांगलं कसं?"

त्यांनी तोंड उघडलं, दारातून बाहेरच्या सेथकडे पाहिलं, पुन्हा मिटलं. "मला जास्त बोलता येत नाही," म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले. मी बादली आपटली. मोठ्या लोकांची घरंच चांगली, त्यांच्या गटारांतही उजवं-डावं होत नसेल, असं काहीबाही मी बराच वेळ बडबडत होते. ऐकायला टॅबी तेवढी होती.

टॅबी म्हणजे टॅबिथा, माझी पोर. पाच वर्षांची. त्या वसंतात तिला गोवर झाला होता. गोवर गेला, पण पोर परत आली नाही म्हणा ना. हातापायाच्या काड्या, जिना चढताना मध्येच बसायची, आणि रात्रंदिवस कोरडा खोकला. तिच्याआधीची दोन माझी गेली होती. ही जगावी, एवढंच मला त्या वर्षी हवं होतं. बाकी काही नाही.

मंगळवारी सकाळी पिकल्स आजी मला नळावर भेटली. पिकल्स आजी म्हणजे यार्डातली सगळ्यात म्हातारी, तिच्या शब्दाला वजन.

"थर्झा, तुझ्या पोरीला घेऊन सात नंबरात जा की," ती म्हणाली. "शेजारची रोझ आपलं तान्हं घेऊन काल दुपारभर बसली होती. रात्री पोर पहिल्यांदा सलग झोपलं म्हणे."

"मी नाही जायची त्या बाईच्या दारात."

"मग बस तुझ्या खुंटीला कवटाळून. पोर खोकतीय तुझी, माझी नाही."

मी गेले. बुधवारी गेले. टॅबीला शालीत गुंडाळून जेमायमाच्या दारात उभी राहिले, आणि काय बोलावं ते सुचेना.

"ये," जेमायमा म्हणाली. "बूट बाहेर काढ. काल सगळ्यांनी चिखल केला माझ्या घरात."

तिला त्या दिवसांत भाव चढला होता, आणि का चढू नये? आयुष्यात पहिल्यांदा लोक तिच्याकडे काहीतरी घ्यायला येत होते. मोरीशेजारी तिने एक बुटका स्टूल ठेवला होता. वास तिथेच जास्त यायचा. एकेका पोराला पाळीपाळीने तिथे बसवायचं. टॅबी बसली. तिने डोळे मिटून इतका लांब श्वास घेतला की मला रडू आलं. कित्येक दिवसांत पोरीने न खोकता श्वास घेतला नव्हता.

"आई, इथे गोड आहे," ती म्हणाली.

मग आम्ही रोज जाऊ लागलो. दिवसातून दोनदा. सकाळी मी कामाला जायच्या आधी आणि दुपारी आल्यावर. जेमायमा तिला ओटकेकचा, ओटच्या पातळ भाकरीचा, तुकडा द्यायची, मोरीच्या कोपऱ्यातल्या मडक्यातलं पाणी द्यायची. आमची खुंटी आम्ही विसरलो. ती मला तिच्या नवऱ्याचं सांगायची, मी तिला माझ्या एनॉकचं. रंगाच्या कारखान्यातून हात निळे करून येतो आणि त्याच हातांनी पाव तोडतो, हे ऐकून ती पोट धरून हसायची. टॅबीच्या गालांवर थोडा रंग आला. मी खोटं सांगत नाही. आला होता.

पुढच्या सोमवारी वास विरत चालला होता, तोच फर्थसाहेब आणि सेथ परत आले. घरमालकाच्या मुनिमाने म्हणे कागद पाठवला होता, एकदा करून काय कळतं, पुन्हा करा. सेथने पुन्हा बाटली ओतली, पुन्हा माझं उकळतं पाणी. या खेपेला मी आनंदाने दिलं. त्याच्याही पुढच्या सोमवारी तिसऱ्यांदा. त्या दिवशी साहेब सात नंबरात शिरले तेव्हा आत आम्ही सहा बायका आणि आठ पोरं होतो. टॅबी स्टुलावर.

साहेब दारातच थांबले. टॅबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ही मुलं इथे काय करताहेत?"

"औषध घेताहेत," जेमायमा म्हणाली. "तुमचंच."

त्यांनी टोपी काढली, फिरवली, पुन्हा घातली. मग घसा खाकरून म्हणाले, "मुलांना बाहेर हवेत खेळू द्यावं."

"बाहेरच्या हवेचा वास घेतलाय का साहेब?" पिकल्स आजीने विचारलं, आणि आम्ही सगळ्या हसलो. त्यांनी वहीत लिहिलं आणि ते गेले.

गुरुवारी सात नंबरच्या दारावर नोटीस चिकटली. वाचता येणारी आमच्यात एक रोझ. तिने अक्षर लावून वाचलं: मनुष्यवस्तीस अयोग्य. आठ दिवसांत घर रिकामं करावं.

आधी वाटलं, नंबर चुकला. मग वाटलं, जेमायमाला काढायला मालकाने लाच दिली. जेमायमा पायरीवर बसून राहिली होती, चार पोरं भोवती. आम्ही साऱ्या जणी कचेरीवर जायला निघालो, पण फर्थसाहेब यार्डाच्या कमानीतच भेटले. आम्ही त्यांना घेरलं.

"अख्ख्या यार्डात एकच घर धड आहे, ते बंद करता?" मी ओरडले. "माझं करा की बंद. माझ्या घरात तर औषध आलंच नाही."

"ते औषध नव्हतं," साहेब म्हणाले.

मग ते कमानीखालीच उभं राहून सांगू लागले.

"ती परीक्षा होती. वर नळीत पेपरमिंटचं तेल ओततो; ओतणाऱ्याच्या अंगालाही वास लागतो, म्हणून सेथला घरात येऊ देत नाही. गटार धड असेल तर वास गटारातच राहतो. फुटकं असेल तर वास घरात येतो. जिथे पेपरमिंटचा वास आला, तिथे गटारातलं बाकी सगळंही येतंय. सात नंबरच्या फरशीखाली नळ फुटलाय. सगळ्या यार्डाची घाण तिथे मुरतेय."

मला ते शब्द ऐकू आले, पण अर्थ लागेना. चांगला वास म्हणजे वाईट. वास नाही म्हणजे चांगलं. ज्या घरात पोर खोकली नाही ते घर घाण, आणि जिथे ती रात्रभर खोकते ते घर चांगलं. मी मनातल्या मनात उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं.

पिकल्स आजी म्हणाली, "घाण शोधायची तर घाण वास घालायचा. सुवास कोण घालतं?"

"आजी, घाण वास इथे आधीच आहे. आणखी घातला असता तर कळला असता का?"



"मग सांगितलं का नाही?" रोझने विचारलं. तान्हं तिच्या कडेवर होतं.

"नियम आहे. आधी सांगितलं की परीक्षा बिघडते," साहेब म्हणाले. मग कोटाची वरची गुंडी काढून पुन्हा लावली.

जेमायमा आठवडा व्हायच्या आत हातगाडीवर सामान टाकून गेली. मी तिला निरोप दिला नाही. मला तिचा राग आला होता की माझा, ते कळत नव्हतं, म्हणून मी दार लावून आत बसले.

त्याच आठवड्यात टॅबी जेवेना. मग डोकं दुखतं म्हणाली. मग ताप चढला तो उतरेना, पोटावर गुलाबी ठिपके आले. डॉक्टर म्हणाला, आंत्रज्वर. तापाच्या इस्पितळाची बंद गाडी आली. आयांना आत सोडत नाहीत. फाटकावर रोज एक यादी लावतात, आणि त्यात नाव नाही, नुसता आकडा असतो. टॅबीचा आकडा एकतीस होता. मी अनोळखी माणसांना विचारायची, एकतीस कुठे आहे? ते बोट दाखवायचे. 'चिंताजनक'च्या खाली असायचा. सोळाव्या दिवशी तो कुठेच नव्हता. मला वाटलं, बरी झाली म्हणून काढला.

तसं नव्हतं.

एनॉक म्हणाला, देवाने नेली. त्याने मला एक प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

आणि मला सर्वांत जास्त छळत होतं ते हे, की जेमायमाची चारही पोरं ठणठणीत होती. रोझचं तान्हं ठणठणीत होतं. त्याच फरशीवर रांगलेली, त्याच मडक्यातलं पाणी प्यालेली. मग टॅबीच का? तिथूनच आलं असेल तर त्यांना का नाही? तिथून नसेल तर कुठून? दिवसा मी शपथेवर सांगायची की सात नंबराचा काही संबंध नाही. चूल पेटवायला वाकले की वाटायचं, दिवसातून दोनदा तूच नेत होतीस.

दफनाला नऊ दिवस झाले तेव्हा फर्थसाहेब परत आले. पाच नंबरात ताप निघाला होता, म्हणून पाच नंबरची परीक्षा. त्यांच्या हातात छापील कागद होता. बाहेर सेथ शिडी लावत होता.

मी त्यांना मोरीपाशी नेलं. काय होणार हे आता मला ठाऊक होतं, आणि सगळं उलटं झालं होतं. आता मला तो वास हवा होता. माझ्या मोरीतून वास आला म्हणजे ताप माझ्या गटारातून आला. म्हणजे मी तिला कुठे नेलं म्हणून नाही आला. मग दाराला नोटीस लागू दे, आम्हाला रस्त्यावर काढू दे, मला चाललं असतं. मी एप्रनच्या गाठीला धरून उभी राहिले आणि श्वास घेतला.

"येतो," मी म्हटलं.

"काय?"

"वास येतोय. पेपरमिंटचा. इथून, या फटीतून. आला ना तुम्हाला?"

मी खाली बसले, फटीवर हात ठेवला. "घ्या, वाका. भरपूर येतोय."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. मीही पाहिलं. सेथ शिडीच्या मध्यावर होता, हात खाली करून बादलीची वाट पाहत. बाटली त्याच्या खिशातून अर्धी वर दिसत होती, बूच तसंच.

"बाई, अजून ओतलं नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले.

मी खोटं बोलत नव्हते. हे मी तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. मला वास आला होता. अगदी जेमायमाच्या घरातला, ओटकेकसकट.

"मीच नेत होते तिला," मी म्हटलं. फरशीवरून उठले नव्हते. "सात नंबरात. रोज दोनदा. दोन आठवडे. त्या स्टुलावर मीच बसवायची."

"मला माहीत आहे. मी पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बाहेर हवेत खेळू द्या म्हटलं होतं," शेवटी म्हणाले, आणि हे उत्तर नाही हे त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांची मान खाली गेली. त्या माणसाच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं की हाही रात्री झोपत नसणार. मी नुसती फरशीवरून उठले.

बाहेर सेथने बाटली ओतली. वरून पाणी गेल्याचा आवाज भिंतीतून आला. आम्ही पंधरा मिनिटं उभे राहिलो. साहेबांनी मोरी हुंगली, कोपरे हुंगले, जिना हुंगला. मीही हुंगलं. आता काहीच येत नव्हतं.

ते टेबलापाशी बसले आणि कागद भरू लागले. वाचून दाखवायचा नियम होता म्हणून एकेक वाचत गेले. मोरी: ठीक. गटार: ठीक. संडास. पाणी. दूध कुठून घेता?

"ते लिहा ना," मी म्हटलं. "मी नेत होते, ते."

"त्याला रकाना नाही, बाई."

"कडेला लिहा."

"कडेला लिहिलेलं कचेरीत धरत नाहीत." त्यांनी पेन शाईत बुडवलं. शेवटचा रकाना मोठा होता. आजाराचं कारण, असं त्यावर छापलं होतं म्हणे. त्यांनी तिथे सावकाश लिहिलं आणि वाचलं: "काही आढळले नाही."

मग कागद माझ्याकडे वळवला आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. मला लिहिता येत नाही. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं, आणि मी तिथे फुली मारली.